दोन लिप्यांतला टोमा

ही घटना खरी आहे.

माझ्या नणंदेच्या बाबतीत घडलेली. ऐकीव गोष्टी लिहायची मला सवय नाही, आणि यातला शेवटचा भाग तर माझ्या डोळ्यांसमोर घडला. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. आधी मीही हसलेच होते.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. यात अमावास्या नाही, स्मशान नाही, पिंपळ नाही. नोव्हेंबरातली सकाळ होती. सव्वानऊ वाजले होते. खिडकीबाहेर डॅन्यूबवरचं धुकं होतं आणि खाली छापखान्यात मशीन धडधडत होतं. गाव रूसे, बल्गेरियातलं. लग्न होऊन मी इथे आले त्याला बारा वर्षं झाली, त्यामुळे धुकं, थंडी, पडक्या जागा, कशालाच मी आता घाबरत नाही.

पण त्या सकाळपासून संगणकावर बसले की स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात बघते.

सारखी बघते...

एमा माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. वय अडतीस. मला 'वहिनी' म्हणते. मी शिकवलेला तिचा हा एकच मराठी शब्द, पण म्हणते अगदी गोड.

टोमा तिचा होणारा नवरा. नऊ वर्षं 'होणारा'च. दर वर्षी लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरायचं आणि उन्हाळा आला की त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जायचं.

दोघं मिळून एकच काम करायचे. नेक्रोलॉग बनवायचा प्रोग्राम. इथे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि खाली शोकाकुल मंडळींची नावं असा कागद छापून दारावर, झाडांवर, बसथांब्यावर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा नवा कागद. सहा महिन्यांनी पुन्हा. वर्षाने पुन्हा. आसपासच्या चाळीसेक छापखान्यांत एमा-टोमाचाच प्रोग्राम चालायचा. कागदाचा वरचा भाग, म्हणजे फोटो आणि नाव, एमाने लिहिलेला. खालचा, शोकाकुलांचा, टोमाने. कोडमध्ये त्या दोन भागांना त्यांनी आपलीच नावं दिली होती, मोठ्या अक्षरांत. एमा आणि टोमा. प्रेमात पडलेल्यांना कोण समजावणार!

त्यांची खोली बाय गेंकोच्या छापखान्यावर होती. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला नावाआधी 'बाय' म्हणतात. हे पचायला मला महिना लागला होता. बाय गेंको जिना चढून यायचा आणि म्हणायचा, "काय रे, तुमचा तो लिंकर की फिंकर सगळ्या जगाच्या गाठी मारतो. तुमचीच एक तेवढी राहिली का?"

टोमा हसायचा आणि बिया फोडायचा.

सूर्यफुलाच्या बिया. दिवसभर. समोरच्या दातांत धरून... कट. मग टरफल बशीत. कट. एमा म्हणायची, या आवाजाशिवाय मला कामच सुचत नाही.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात टोमा गेला.

पुलावर. नदीच्या या काठाला आम्ही, त्या काठाला रोमेनिया. मिनीबस गाड्यांच्या रांगेत पुलाच्या मध्यावर उभी होती. तिथेच हृदय बंद पडलं. मांडीवर बियांची पुडी होती आणि डोक्यावरच्या फळीवर सुटकेस.

सुटकेस...

गावाने तोंड सोडलं. एका दिवसासाठी एवढी सुटकेस कोण नेतं? पोरगीला टाकून निघाला होता, दुसरं काय! एमा सगळ्यांना एकच उत्तर द्यायची. "कामाला गेला होता. संध्याकाळी परत येणार होता. मला सोडून जाणारा माणूस नाही तो."

या एका वाक्यावर ती वर्षभर जगली. हे वाक्य खोटं ठरलं असतं तर तिच्याकडे काही उरलं नसतं, हे मला दिसत होतं. म्हणून मी कधी वाद घातला नाही.

आता मुद्द्याचं.

छापखान्यांतले जुने संगणक एकेक करून माना टाकू लागले होते. प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालवून द्या, असं सगळ्यांचं म्हणणं. त्यासाठी जुना कोड वेबअसेंब्लीत वळवायचा, म्हणजे ब्राउझरला पचेल असा करायचा. आणि तो वळवणारी बिल्ड सिस्टीम आधी उभी करायची. एमा एकटीच बसली. मला तिने स्वयंपाकघरात, मिरच्या भाजता भाजता समजावलं होतं.

"वहिनी, आधी एकेक फाईल वेगळी भाजून घ्यायची. मग लिंकर येतो. तो हजेरी घेतो. एका फाईलने दुसरीतल्या कोणाला नावाने हाक मारली असेल, तर ते नाव शोधतो. सापडलं की गाठ मारतो. नाही सापडलं की बिल्ड पडलं."

"आणि ज्याला कोणी हाकच मारत नाही त्याचं काय?"

"तो मेला कोड. गाळून टाकतो. उगाच ओझं कशाला?"

हे तिने अगदी सहज सांगितलं होतं. लक्षात ठेवा.

वर्षश्राद्धाला दोन आठवडे होते. टोमाची आई, लेल्या मिनका, म्हणाली होती की त्याचा वर्षाचा कागद त्याच्याच नव्या प्रोग्रामवर छापायचा. लेल्या म्हणजे आपली मावशी-काकू. एमाने मान डोलावली आणि कामाला लागली.

पहिल्याच दिवशी बिल्ड पडलं. लाल अक्षरांत एकच ओळ.

टोमा सापडत नाही.

एमाने फाईल उघडली. टोमाने शेवटच्या आठवड्यात खालचा भाग नव्याने लिहिला होता, तीच फाईल. ती आजवर कोणी बिल्डमध्ये घेतलीच नव्हती. त्यात टोमा होता. दोनशे बाराव्या ओळीवर. डोळ्यांना ढळढळीत दिसत होता. खाली त्याला मारलेली हाकही दिसत होती.

पुन्हा बिल्ड.

टोमा सापडत नाही.

दोन दिवस तिने डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी तिला उमगलं, आणि ती एकटीच खोलीत मोठ्याने हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

कीबोर्ड!

इथे प्रत्येकाच्या संगणकावर दोन कीबोर्ड असतात. एक बल्गेरियन, एक इंग्रजी. दोन कळा दाबल्या की लिपी बदलते आणि कोपऱ्यातली अक्षरं बदलतात. बी-जी. ई-एन. टोमा हे नाव मोठ्या, कॅपिटल अक्षरांत लिहिलं तर दोन्ही लिप्यांत हुबेहूब सारखं दिसतं. एमाचंही. माणसाच्या डोळ्याला फरक कळत नाही. लिंकरला कळतो. त्याच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. नाव होतं आपल्या, म्हणजे बल्गेरियन लिपीत आणि हाक मारली होती परक्या, इंग्रजीच्या लिपीत.

टोमाची ही जुनी खोड. लिपी बदलायला विसरायचा. एकदा त्याने अख्खं प्रेमपत्र चुकीच्या कीबोर्डवर लिहून पाठवलं होतं, आणि एमाने कळा मोजत मोजत ते उलगडून वाचलं होतं.

दुरुस्ती म्हणजे चार अक्षरांचं काम.

तिने केली नाही.

"शेवटची चूक होती ती त्याची," मला म्हणाली. "माझ्या हाताने पुसवेना."

मग तिने लिंकरला सूचना दिली की हे नाव नाही सापडलं तरी चालेल, ते बाहेरून येईल असं समज.

"बाहेरून म्हणजे कुठून?" मी विचारलं.

"कुठूनच नाही, वहिनी. प्रोग्राम त्या ओळीपाशी येऊन थांबणार. मला तोवर वरचा भाग तपासता येईल."

बिल्ड झालं. तिने ब्राउझर उघडला. खोट्या नावाचा एक नमुना कागद मागवला. फोटो आला. नाव आलं. आता थांबणार...

थांबला नाही.

खालची ओळ उमटली. सुबक, मधोमध, नावांमध्ये दोन ठिपके. टोमाच तसे ठिपके द्यायचा.

एमाने गाळलेल्यांची यादी पाहिली. आपल्या लिपीतला टोमा त्या यादीत होता. त्याला कोणी हाक मारली नव्हती, म्हणून लिंकरने तो गाळला होता. बाहेरून टोमा कोणी दिलेला नव्हता.

मग ओ कोणी दिली?

ती स्क्रीनकडे बघत बसली. खालचं मशीन त्याच वेळी बंद पडलं. खोलीत एकदम शांत झालं...

कट.

शेजारच्या टेबलावरून. रिकाम्या खुर्चीपाशी.

कट.

कोपऱ्यातली अक्षरं आपोआप बदलली. बी-जी होतं. ई-एन झालं.

तुम्ही म्हणाल ती किंचाळली असेल, पळाली असेल. नाही. ती रडली आणि म्हणाली, "आलास?"

पुढचे नऊ दिवस एमा दुसरीच झाली. केस विंचरलेले, ओठांना रंग. सकाळी नऊला खोलीत जायची. संध्याकाळी पडलेलं बिल्ड सकाळी आपोआप पार व्हायचं. तिने कोणाला शिवू दिलं नव्हतं. एकदा स्पेसबारखालून बीचं टरफल निघालं. ते तिने मला रुमालात बांधून दाखवलं, प्रसाद दाखवावा तसं.

"डॉक्टरकडे जाऊ या," मी म्हटलं.

"जाऊ की. पण वहिनी, तो गेला नाही. बघ तू. पुलावरून परत आला. मला सोडून तो गेलाच नव्हता."

तिच्या डोळ्यांत एवढा आनंद होता की माझी जीभ रेटेना. आज वाटतं, तेव्हाच कानफटात मारून तिला घरी न्यायला हवं होतं. राग येतो मला माझाच.

मग ती सकाळ आली.

वर्ष पूर्ण झालं. लेल्या मिनका काळे कपडे घालून आली. हातात श्राद्धाला वाटतात त्या उकडलेल्या गव्हाचं भांडं. मी तिच्यासोबत होते. एमाने तिला खुर्ची दिली, टोमाची सोडून दुसरी. कॉफी केली.

"लेल्या, बघा हं," एमा म्हणाली. तिने टोमाचा फोटो घातला, नाव घातलं, 'एक वर्ष' लिहिलं. खालची ओळ रिकामी ठेवली.

"आणि खाली?" लेल्या मिनकाने विचारलं.

"खालचं तो लिहील."

म्हातारीने कप खाली ठेवला. "कोण तो?"

"तुमचा मुलगा. रोज येतो, लेल्या. शोकाकुलांत कोणाची नावं हवीत ते त्याच्यापेक्षा कोणाला ठाऊक? तुमचं. आणि माझं."

मला वाटलं, आता म्हातारी हिला वेडी म्हणेल. पण ती घाबरली ते वेगळंच. पुढे वाकून तिने एमाचं मनगट धरलं.

"तू लिही, पोरी. तुझ्या हाताने लिही. त्याला नको विचारूस."

"का?"

"मी सांगते म्हणून. ऐक माझं."

एमाने हसून हात सोडवला. आणि कळ दाबली.

कट.

हा आवाज मी ऐकला. माझ्या या दोन कानांनी. लेल्या मिनकाने झटकन छातीवर क्रूसाची खूण केली, म्हणजे तिनेही ऐकला.

कोपऱ्यात बी-जी होतं. ई-एन झालं.

मग... पुन्हा बदललं.

आर-ओ.

एमाच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे थिजलं. "रोमेनियन? हा कीबोर्ड माझ्याकडे नाहीच. मी कधी घातलाच नाही."

कट. कट. कट. भराभर.

खाली प्रिंटर सुरू झाला. छापायची कळ कोणी दाबली नव्हती. मग जिन्यातून बाय गेंकोचा आवाज आला.

"एमा! अगं कागद फार छान आलाय! पण ही ओतिलिया कोण?"



बाय गेंको धापा टाकत वर आला. कागद ओला होता, शाईचा वास येत होता. "हे बघ. मिनका, बरोबर. मग ओतिलिया. मग रुक्सांद्रा. ही दोन त्या काठच्या लिपीत छापलीत. आणि तुझं नाव कुठंय, पोरी? स्वतःलाच विसरलीस काय?" तो हसला. मग आमची तोंडं पाहून त्याने टोपी काढली.

एमाने कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला.

"लेल्या," ती अगदी हळू म्हणाली. "हे कोण?"

लेल्या मिनकाने गव्हाचं भांडं टेबलावर ठेवलं.

"नावं मला आजच कळली," ती म्हणाली. "कोणीतरी आहे, एवढंच ठाऊक होतं. शनिवारी शनिवारी मासे पकडायला जायचा. सात वर्षांत एक मासा घरी आला नाही."

"सात वर्षं?"

"सुटकेस मी उघडली होती. तीन स्वेटर होते. त्याच्या बापाचं घड्याळ होतं. आणि लहान पोरीचे लाल बूट. नवे. दुकानाची चिठ्ठी तशीच." तिने डोळे पुसले नाहीत. "तू रोज म्हणायचीस, एका दिवसासाठी गेला होता. मी म्हटलं, झाकली मूठ राहू दे. कशाला पोरीला..."

"गावाला ठाऊक होतं?"

बाय गेंको खाली मान घालून टोपी चुरगाळत होता. तेच उत्तर.

माझी नणंद रडली नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. जिवंत माणसाने फसवलं तर त्याच्या दारात जाऊन भांडता तरी येतं. हिने कुठे जायचं? सगळे वर्षभर गप्प राहिले. ज्याने फसवलं तो नऊ दिवस शेजारी बसून बिया फोडत होता, आणि हिला वाटत होतं, माझ्यासाठी आला.

ती खुर्चीत बसली आणि दोनशे बाराव्या ओळीखालची ती हाक उघडली.

"चूक नव्हतीच ती, वहिनी," ती म्हणाली. "मी जपून ठेवलेली. त्याने लिपी बरोबर बदलली होती. त्या काठचीही लिपी तीच. त्याला तिकडचाच टोमा हवा होता. इकडच्याला त्याने स्वतःच हाक मारली नव्हती."

मग तिने ती चार अक्षरं खोडली आणि आपल्या लिपीत लिहिली. एकेक कळ दाबत. बिल्ड केलं. आता टोमा सापडला. लाल ओळ गेली, गाठ बसली. तिने पुन्हा कागद मागवला.

वरचा भाग आला. खाली काहीच नाही.

आम्ही वाट पाहिली. बी-जी तसंच राहिलं. खुर्चीकडून आवाज नाही. आमच्या टोमाने ओ दिलीच नाही.

लेल्या मिनकाने छापलेला कागद घडी करून घेतला आणि आपल्या दारावर लावला. जसाच्या तसा. मेलेल्याच्या कागदावर खोटं चालत नाही, म्हणाली. येणारे-जाणारे वाचतात. त्या काठावरून कोणी आलं का, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

निघताना मी एमाला म्हटलं, बंद कर ते. तिने बंद करायला हात नेला आणि थांबली. स्क्रीनवर गाळलेल्यांची नवी यादी होती. ज्यांना कोणी हाक मारत नाही त्यांची. टोमाचं नाव आता त्यात नव्हतं.

शेवटच्या ओळीत एक नाव होतं.

एमा.

"असं कसं?" ती पुटपुटली. "वरचा भाग तर छापला गेला. मला गाळलं असेल तर तो कोणी लावला?"

बिल्डमध्ये एक जागा असते. कोणी हाक मारो न मारो, ही नावं जिवंत ठेव, असं तिथे लिहिता येतं. तिने तिथे स्वतःचं नाव लिहिलं. आधी आपल्या लिपीत. मग परक्या. पुन्हा बिल्ड.

गाळलेल्यांत, शेवटच्या ओळीत... एमा.

मी तार खेचून काढली आणि तिला दंडाला धरून घरी नेलं.

आता ती आमच्याकडेच राहते. खाते, झोपते. काम सोडलंय. विचारलं तर बोलते, नाहीतर दिवसदिवस खिडकीतून पुलाकडे बघते. डॉक्टर म्हणतात धक्का आहे, ओसरेल. असेलही.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी रोज सकाळी नऊला मी हातातलं काम टाकते. तिच्या खोलीच्या बंद दारापाशी उभी राहते आणि मोठ्याने हाक मारते. कोणीतरी मारायला हवी.

"एमा!"

"ओ, वहिनी."

रोज ओ येते. एकही दिवस चुकलेली नाही.

पण गेल्या सोमवारपासून, माझी हाक आणि तिची ओ यांच्या मधे... दाराच्या आतून...

कट.